मित्रमंडळींत बसून स्वतःच्या कामाची ओळख करून देण्याचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर पंधरवड्याला रविवारी सकाळी एकत्र बसतो आणि आपापल्या कामाविषयी अनोळखी माणसाशी कसे बोलावे, याचा सराव करतो. आमच्यातील दोघांची त्या वेळी नोकरी सुटलेली होती, एक मैत्रीण स्वतःचा व्यवसाय सुरू करत होती आणि उरलेल्या आम्हा दोघांना चारचौघांत तोंड उघडण्याचीच धास्ती होती. आमचे पाहून इतर अनेकांनी असे गट सुरू केले. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

आपल्याच तोंडाने आपले कौतुक करणे आपल्या संस्कारात बसत नाही. मग त्याचा सराव कशासाठी करायचा?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि तो अगदी खरा आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे सांगताना ‘आपली आपण करी स्तुती’ हे लक्षण घातले आहे, आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही त्याच रांगेत बसवले आहे. ही शिकवण आपल्या घराघरांत मुरलेली आहे आणि ती सोडून द्यावी असे आम्हाला मुळीच वाटत नाही. मात्र स्तुती आणि माहिती यांत फरक आहे. ‘मी फार मेहनती आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ ही स्तुती झाली, कारण ती ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा असतो. ‘गेली तीन वर्षे मी एका सहकारी पतसंस्थेच्या थकीत कर्जांची वसुली पाहतो’ ही माहिती झाली. ती कुणीतरी दिल्याशिवाय समोरच्याला कळणार कशी? सुताराने आपण दारे-खिडक्या करतो हे सांगितलेच नाही, तर ज्याला दार बसवायचे आहे त्याचीही अडचण होते. आमच्या गटात एक नियम आहे: स्वतःविषयी गुणवाचक विशेषण वापरायचे नाही, फक्त केलेले काम सांगायचे. हा नियम पाळला की संकोच निम्म्याने कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

मित्रांना तर माझ्याविषयी सगळेच ठाऊक असते. त्यांच्यासमोर सराव करून काय साधणार?

सगळ्या सरावाची ग्यानबाची मेख येथेच आहे, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 1990 साली एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने एक साधा प्रयोग केला. काही जणांना एखाद्या परिचित गाण्याचा ठेका बोटाने टेबलावर वाजवायला सांगितला आणि समोरच्याने ते गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल. प्रत्यक्षात 120 पैकी केवळ 3 गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते, तर ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडते.

आपण आपल्या कामाविषयी बोलतो तेव्हा नेमके असेच घडते. त्यातही मित्रांसमोर अडचण अशी की त्यांना ते गाणे आधीच पाठ असते, त्यामुळे तुमच्या अर्ध्या वाक्यावरही ते मान डोलावतात आणि आपण उत्तम बोललो असा तुमचा समज होतो. म्हणून सरावात मित्राने मित्र राहायचे नाही. बोलणाऱ्याने आधी सांगावे की समोर कोण आहे असे समजायचे: कारखान्याचा मालक, कॉलेजातील माजी विद्यार्थी, प्रदर्शनात भेटलेला व्यापारी. ऐकणाऱ्याने त्या माणसाला जेवढे ठाऊक असेल तेवढेच गृहीत धरावे आणि कळले नाही तेथे न लाजता थांबवून विचारावे.

यासाठी मराठीने आपल्या हातात एक सुरेख साधन दिले आहे. आम्ही एरवी एकमेकांना ‘अरे’, ‘अगं’ करतो, परंतु सराव सुरू झाला की सर्वांनी एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांना हसू फुटते आणि ते फुटू द्यावे. पाच-दहा मिनिटांनी मात्र त्या एका सर्वनामाने खोलीतील वातावरण बदलते, पाठीचा कणा आपोआप ताठ होतो आणि रोजच्या मित्राच्या डोळ्यांत पाहून बोलतानाही घशाला थोडी कोरड पडते. ही कोरड पडली की सराव खरा सुरू झाला असे समजावे.

गटात किती जण असावेत आणि किती वेळ बसावे?

चार ते सहा जण पुरेत, दीड तास पुरे आणि घराची बैठक पुरे. हॉटेलात बसू नये, कारण तेथे आवाज मोकळा सुटत नाही आणि मन खाण्याकडे जाते. टोस्टमास्टर्स ही वक्तृत्वाचा सराव करणाऱ्या मंडळांची संस्था 1924 साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे सुरू केली. त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी आम्ही उचलल्या आहेत. एकाने घड्याळ सांभाळायचे, आणि दुसऱ्याने बोलणाऱ्याचे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ हे अडखळे कागदावर रेघा मारून मोजायचे. पहिल्या बैठकीत माझ्या एका मिनिटाच्या बोलण्यात अकरा वेळा ‘म्हणजे’ आले होते. ते कुणी मोजून दाखवले नसते, तर मला कधीच समजले नसते.

एका मिनिटात नेमके काय सांगावे?

येथे एक प्रत्यक्ष घडलेला प्रसंग सांगणे अधिक उपयोगी ठरेल. आमचा एक मित्र कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करत होता. पहिल्या रविवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, सध्या क्वालिटीत आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे, चांगली संधी शोधतोय.” त्याच्या सहा वर्षांची गोष्ट दहा सेकंदांत आटोपली. ती ऐकून कुणालाही काहीही विचारावेसे वाटले नाही, कारण विचारण्यासारखे त्याने काही ठेवलेच नव्हते.

मग आमच्यातील एका मैत्रिणीने, जिचा कारखान्याशी काडीचाही संबंध नाही, त्याला विचारले, “क्वालिटीत म्हणजे तुम्ही सकाळी गेल्यावर पहिल्यांदा काय करता?” त्याने सांगितले की आदल्या पाळीत किती कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले भाग, रिजेक्ट झाली ते तो आधी पाहतो. “का रिजेक्ट होतात?” कधीकधी आत ब्लोहोल निघतात, म्हणजे लोखंड ओतताना वायू आत अडकून पोकळी राहते. “मग तुम्ही काय केले?” येथे तो थोडा थांबला आणि म्हणाला, “पावसाळ्यात हे वाढायचं. मी साच्याच्या वाळूतला ओलावा पाळीत एकदा तपासण्याऐवजी दर तासाला तपासायला लावला आणि आकडे फळ्यावर लिहायला लावले. त्यानंतर पावसाळ्यातलं रिजेक्शन बाकीच्या महिन्यांएवढंच राहिलं.” खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. सहा वर्षे ज्याला तो ‘नेहमीचं काम’ म्हणत होता, ती त्याची खरी ओळख होती.

चार रविवारांनंतर त्याचे मिनिट असे झाले: “मी फाउंड्रीत कास्टिंगची गुणवत्ता पाहतो. आमच्याकडे पावसाळ्यात माल जास्त बाद व्हायचा. त्याचं मूळ वाळूच्या ओलाव्यात आहे हे मी शोधलं आणि दर तासाच्या तपासणीची पद्धत बसवली. आता मला मोठ्या कारखान्यात हेच काम करायचं आहे. तुमच्याकडे पावसाळ्यात असा त्रास होतो का?” शेवटचा प्रश्न विशेष लक्षात घ्यावा. त्याने बोलणे आपल्यापाशी न संपवता समोरच्याच्या हाती दिले, आणि कामाची एक गोष्ट, पुढची इच्छा व हा प्रश्न मिळून अवघी पाऊण मिनिटे लागली.

बोलताना ‘आम्ही’ म्हणावे की ‘मी’?

मराठी माणूस ‘मी केले’ असे म्हणायला कचरतो आणि ‘आम्ही केले’ किंवा त्याहून सुरक्षित असे ‘झाले’ म्हणून मोकळा होतो. ‘प्रकल्प वेळेत पूर्ण झाला’ हे वाक्य ऐकणाऱ्याला तो कुणी पूर्ण केला हे कळत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते. जे सर्वांनी मिळून केले ते ‘आम्ही’ आणि त्यातील जे आपल्या हातून झाले ते ‘मी’, अशी दोन्ही रूपे एकाच बोलण्यात प्रामाणिकपणे यावीत: “आम्ही सात जण होतो, त्यात ग्राहकांशी बोलण्याचं काम माझ्याकडे होतं.” ऐकणाऱ्या मित्रांनी ‘झाले’ हा शब्द आला की हात वर करावा. हा खेळ सोपा आहे आणि फार लवकर उपयोगी पडतो.

सराव इंग्रजीत करावा की मराठीत?

आधी मराठीत करावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलांना ‘मायसेल्फ’ने सुरू होणारा इंग्रजी परिच्छेद पाठ करून घेतलेला असतो, त्यांना मध्येच एखादा प्रश्न विचारला की ती पहिल्या वाक्यावर परत जातात, कारण त्या परिच्छेदात त्यांचे स्वतःचे काहीच नसते. काय सांगायचे हे मराठीत पक्के झाले की ते इंग्रजीत न्यायला दोन बैठका पुरतात. कारखान्यात किंवा कार्यालयात रोज वापरले जाणारे इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात तसेच राहू द्यावेत. रिजेक्शनला रिजेक्शनच म्हणावे.

मित्राच्या चुका कशा सांगाव्यात? मन दुखावण्याची भीती वाटते.

आम्ही एक क्रम ठरवला आहे. बोलणे संपले की ऐकणाऱ्याने आधी मत द्यायचे नाही, तर आपल्याला काय कळले ते दोन वाक्यांत सांगायचे. बहुतेक वेळा येथेच बोलणाऱ्याच्या लक्षात येते की ज्यावर आपण सर्वाधिक वेळ घालवला ते समोरच्यापर्यंत पोहोचलेच नाही. त्यानंतर मनात आलेला एक प्रश्न विचारायचा आणि शेवटी एकच सुधारणा सुचवायची. एकाच वेळी पाच सुधारणा सांगितल्या तर माणूस पुढच्या रविवारी येत नाही. ‘मस्त’, ‘भारी झालं’ यांवर आमच्याकडे बंदी आहे, कारण ते ऐकून बरे वाटले तरी त्यातून शिकायला काही मिळत नाही. ‘अमुक वाक्यानंतर मला पुढचे ऐकावेसे वाटले’ असे सांगितले, तर ते कौतुकही होते आणि शिकवणही.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकणेही उपयोगाचे असते. स्वतःचा आवाज विचित्र वाटला तर घाबरू नये. बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्ही वाटांनी ऐकू येतो, ध्वनिमुद्रणात हाडांची वाट नसते, म्हणून तो पातळ वाटतो. इतरांना तो नेहमी तसाच ऐकू येत आलेला आहे.

स्वतःविषयी काहीच सुचत नसेल तर काय करावे?

मग मित्राने तुमची ओळख करून द्यावी आणि तुम्ही गप्प बसून ऐकावे. आमच्या सरावातील हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. व्यवसाय सुरू करणारी आमची मैत्रीण घरगुती मसाले करते. ती स्वतः सांगताना नेहमी “तसं काही विशेष नाही, घरच्या घरी थोडेफार मसाले करते” असे म्हणायची. त्या दिवशी तिच्या वतीने दुसरीने सांगितले, “ह्यांचा गोडा मसाला ज्या घरात एकदा गेला, त्या घरातून पुन्हा मागणी आली नाही असं अजून झालेलं नाही. दगडफूल आणि नागकेशर त्या स्वतः निवडून घेतात, आणि प्रत्येक घाण्याची तारीख डब्यावर लिहितात.” ऐकणारीचे डोळे भरून आले. त्यातील प्रत्येक गोष्ट खरी होती आणि तिला ती सांगण्यासारखी वाटतच नव्हती. पुढच्या बैठकीत तिने तीच तीन वाक्ये स्वतःच्या तोंडून म्हटली. आपल्याकडे ‘विशेष नाही’ हा शब्दप्रयोग नम्रतेपोटी येतो हे खरे, परंतु अनोळखी माणूस तो शब्दशः घेतो.

नोकरी किंवा काम दूरच्या ओळखीतून मिळते असे म्हणतात. मग मित्रांचा उपयोग काय?

म्हणतात ते बऱ्याच अंशी खरे आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना, ज्या व्यक्तीकडून ती कळली तिच्याशी त्यांची भेट किती वेळा होत असे हे विचारले होते. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार वारंवार भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले जेमतेम 17 टक्के होते, अधूनमधून भेटणाऱ्यांकडून सुमारे 56 टक्के आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून सुमारे 28 टक्के. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे: जिवलग मित्रांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते, नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. पुढे 2022 साली लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासातही मध्यम अंतरावरच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. अगदी पुसट ओळखींचा उपयोग मात्र कमी झाला.

यावरून असे दिसते की मित्रांकडून नोकरीची अपेक्षा ठेवण्यापेक्षा तयारीची अपेक्षा ठेवावी. शिवाय मित्राचा मामा, मित्राचा जुना सहकारी, मित्राच्या सोसायटीचे सचिव ही आपल्या दृष्टीने दूरचीच माणसे असतात. मित्राला तुमचे काम दोन वाक्यांत नेमके सांगता येत असेल, तरच तो त्यांच्यापाशी तुमचा विषय काढू शकतो. ‘माझा एक मित्र आहे, कंपनीत आहे कुठल्यातरी’ एवढेच जर तो सांगत असेल, तर दोष त्याचा नाही.

खऱ्या प्रसंगाआधी हा सराव कुठे अजमावता येईल?

लग्नसमारंभात. पंगतीत किंवा बुफेच्या रांगेत एखादे काका ‘काय करतोस हल्ली?’ असे विचारतातच, आणि आपण ‘चाललंय, जॉब करतो’ एवढ्यावर तो विषय मिटवतो. पुढच्या वेळी दोन वाक्यांत खरे उत्तर द्यावे आणि ‘काका, तुम्ही निवृत्तीआधी कोणत्या खात्यात होता?’ असे आपणही विचारावे. हळदीकुंकू, सोसायटीची सर्वसाधारण सभा, गणेशोत्सवातील मंडळाचे काम, या सर्व ठिकाणी आपल्या समाजात ओळखी होतच आल्या आहेत. आपण त्यांना ‘नेटवर्किंग’ म्हणत नव्हतो एवढेच.

बोलणे संपवायचे कसे, हे मात्र आधी ठरवून ठेवावे. बहुतेकांना सुरुवातीपेक्षा निरोप घेणे अवघड जाते. ‘तुमच्याशी बोलून बरं वाटलं, आपला नंबर मिळाला तर पुढच्या आठवड्यात निरोप पाठवीन’ हे वाक्य आम्ही प्रत्येकाकडून दहा वेळा म्हणवून घेतो.

भेटीनंतरचा निरोपही सरावात घ्यावा का?

अवश्य घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते ‘हाय सर’ लिहून उत्तराची वाट पाहणे, ही आमच्या गटातील जवळजवळ प्रत्येकाची सवय होती. आता आम्ही निरोप आधी एकमेकांना पाठवून पाहतो. त्यात कुठे भेटलो, काय बोलणे झाले आणि काय विचारायचे आहे, हे तिन्ही एकाच संदेशात असावे: “नमस्कार, रविवारी चिंचवडच्या प्रदर्शनात आपली भेट झाली होती. वाळूच्या तपासणीबद्दल आपण बोललो होतो. आपल्या सवडीने दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?” समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असाच प्रश्न असावा. पहिल्याच निरोपासोबत बायोडेटा पाठवू नये.

मुलींनी स्वतःविषयी असे बोलले तर त्यांना आगाऊ समजले जाते. त्यांनी काय करावे?

ही तक्रार खरी आहे आणि तिचे ओझे एकट्या मुलींवर टाकणे अन्यायाचे होईल. क्रिस्टीन एक्स्ली आणि जड केस्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की चाचणीत सारखेच गुण मिळवूनही स्त्रिया आपल्या कामगिरीचे वर्णन पुरुषांपेक्षा उणे करतात, आणि आपले गुण नेमके किती आहेत हे सांगितल्यानंतरही तो फरक टिकून राहतो. म्हणजे केवळ ‘आत्मविश्वास वाढव’ असे सांगून भागत नाही. आमच्या गटात मैत्रिणींच्या बोलण्यातून ‘थोडंफार’, ‘असंच’, ‘छोटंसं’ हे शब्द वेगळे मोजले जातात. तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी की गटातील पुरुषांनी बैठकीत त्यांचे बोलणे मध्येच तोडायचे नाही आणि कार्यालयातही सहकारी स्त्रीच्या कामाचा उल्लेख तिच्या नावानिशी करायचा, हे आम्ही ठरवून घेतले आहे.

दोघे मित्र एकाच जागेसाठी प्रयत्न करत असतील तर?

आधी मोकळेपणाने सांगून टाकावे. लपवल्यास मैत्री दुखावते. त्या जागेपुरता सराव वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर करावा, आणि गटात ऐकलेली कुणाचीही कामाची गोष्ट, पगार किंवा अडचण बाहेर जाणार नाही, हा शब्द सर्वांनी पहिल्याच दिवशी द्यावा.

इतका सराव केल्यावर बोलणे पाठ केल्यासारखे वाटणार नाही का?

शब्द पाठ केले तर वाटेल, गोष्ट पाठ असेल तर वाटणार नाही. म्हणून दर वेळी समोरचा माणूस बदलावा. तीच वाळूची गोष्ट आमच्या मित्राने एकदा कारखानदाराला, एकदा बँकेच्या अधिकाऱ्याला आणि एकदा सहावीतल्या मुलीला सांगितली. तिसरी खेप सर्वांत अवघड गेली आणि सर्वांत चांगली झाली. मुलीची भूमिका करणाऱ्या मैत्रिणीने विचारले, “ओल्या वाळूत गरम लोखंड ओतल्यावर चर्र आवाज येतो का?” आता तो मुलाखतीतही त्या चर्र आवाजापासूनच सुरुवात करतो.

गटाबाहेर केव्हा पडावे?

सहा बैठका झाल्या की पडावे. त्याहून अधिक काळ आतच राहिल्यास गट उबदार होतो आणि बाहेरची भीती पुन्हा वाढते. व्यवसाय करणाऱ्यांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या मंडळांत पाहुणा म्हणून जाऊन बसता येते. विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यापासून सुरुवात करावी. पहिल्या वेळी एकट्याने न जाता गटातील एकाला बरोबर न्यावे, मात्र आत गेल्यावर दोघांनी दोन टोकांना उभे राहावे आणि प्रत्येकी तीन माणसांशी बोलून झाल्यावरच चहाच्या टेबलापाशी भेटावे. परतताना रिक्षात बसल्या बसल्या त्या सहा जणांची नावे, गावे आणि त्यांना काय हवे होते, हे वहीत लिहून काढावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे आठवत नाही.